सिंहाच्या तोंडी वाघाची डरकाळी : चित्रपट कंपन्यांच्या बोधचिन्हांचा अर्थ



दुसरी-तिसरीत आपण प्राण्यांचे आवाज शिकवतो. हत्तीचा चीत्कार, घोड्याचं खिंकाळणं, वाघाची डरकाळी, सिंहाची गर्जना. चाचणीत 'जोड्या लावा' आलं की निम्मी मुलं वाघ-सिंहाची अदलाबदल करून मोकळी होतात. गंमत अशी की हीच अदलाबदल अमेरिकेतल्या एका फार मोठ्या चित्रपट कंपनीनेही केली आहे, आणि तीही मुद्दाम!

'टॉम अँड जेरी'ची जुनी कार्टून्स सुरू होण्याआधी सोनेरी फितीच्या गोलातून तोंड काढून एक सिंह ओरडतो, तो सगळ्या मुलांना माहीत असतो. ही मेट्रो-गोल्डविन-मेयर, म्हणजे एमजीएम या कंपनीची खूण. त्या कार्टूनमधला आवाज जुना आहे. पुढे 1982 मध्ये मार्क मँगिनी या ध्वनितज्ज्ञाने या सिंहासाठी नवा आवाज तयार केला, तेव्हा त्यात त्याने वाघांच्या डरकाळ्या मिसळल्या. कारण काय, तर सिंहाचा खरा आवाज थिएटरमध्ये हवा तेवढा भीतीदायक वाटत नव्हता. म्हणजे चित्र सिंहाचं, आवाज वाघाचा, आणि आपण सगळे जण 'वा, काय सिंह आहे' म्हणत बसलेलो.

हे उदाहरण मला वर्गासाठी फार मोलाचं वाटतं. चित्रपट सुरू होण्याआधी ही जी दहा-पंधरा सेकंदांची चित्रं दिसतात, त्यांना आपण लोगो किंवा बोधचिन्ह म्हणतो. त्यांचा अर्थ काय, ती कुठून आली, आणि एखाद्या खुणेवर आपला विश्वास का बसतो, हे आज पाहू. माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. खुणेत स्वतःचा असा अर्थ फार थोडा असतो. ती रिकाम्या डब्यासारखी असते. कंपनी जे काम करते ते त्या डब्यात साठत जातं, आणि मग लोक डबा बघूनच आत काय असेल ते ओळखतात. आपली मुलं मात्र डब्यालाच खाऊ समजतात. पालकांच्या खिशाचा प्रश्न इथेच सुरू होतो, पण त्याकडे नंतर येऊ.

आधी डाग, मग ब्रँड

'ब्रँड' हा शब्द मुळात जाळण्याशी, डाग देण्याशी संबंधित आहे. तापलेल्या लोखंडाने गुराच्या अंगावर खूण करायची, म्हणजे कळपात मिसळलं तरी जनावर कोणाचं ते कळतं. आपल्याकडेही गुरांना डाग देण्याची पद्धत होतीच. भांड्यांवर नाव घालून घेतो तेही तेच. लग्नात पंगतीची भांडी एकत्र झाली तरी आपलं पातेलं आपल्याला सापडतं ना? तसंच.

चित्रपटाच्या सुरुवातीच्या काळात कंपन्यांना नेमकी हीच अडचण होती. फिल्मची प्रत हातात आली की कोणीही तिच्यावरून दुसरी प्रत काढायचा आणि आपल्या नावाने दाखवायचा. फ्रान्समधल्या पाथे या कंपनीची खूण होती कोंबडा. लॅटिन भाषेत 'गॅलस' या एकाच शब्दाचे दोन अर्थ होतात, कोंबडा आणि गॉल म्हणजे जुन्या फ्रान्सचा रहिवासी. त्यामुळे कोंबडा हे फ्रान्सचंच प्रतीक झालं. तर ही पाथे कंपनी आपला कोंबडा चित्रपटाच्या सेटमध्येच, मागच्या भिंतीवर वगैरे लावून ठेवायची. सुरुवातीचं नाव कापून टाकता येतं, पण प्रसंगाच्या आतला कोंबडा कसा कापणार? जॉर्ज मेलिएस या फ्रेंच जादूगार-दिग्दर्शकाच्या कंपनीचं नाव स्टार फिल्म, म्हणून तो सेटमध्ये चांदणी लावायचा.

म्हणजे पहिला अर्थ अगदी साधा होता : 'हे आमचं आहे, चोरू नका.' आपल्या आठवडी बाजारात नामांकित कंपनीच्या नावातलं एखादं अक्षर बदलून चपला विकायला असतात, ते पाहिलं की पाथेची काळजी आजही समजते.

सिंह कुठून आला?

आता पुन्हा सिंहाकडे. सिंह म्हणजे शौर्य, राजेपणा, म्हणून निवडला असेल असं आपल्याला वाटतं. खरी हकिकत जरा वेगळी आहे. 1916 च्या सुमारास गोल्डविन कंपनीसाठी हॉवर्ड डिएट्झ या तरुणाने हे चिन्ह सुचवलं. तो न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकलेला, आणि त्या विद्यापीठाच्या खेळाडूंच्या संघांना 'लायन्स' म्हणतात. कॉलेजच्या आठवणीतून सिंह आला! सिंहाच्या भोवती लॅटिनमध्ये एक वाक्य लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ 'कलेसाठी कला'. हे वाक्य मला नेहमी थोडं हसवतं, कारण ते लावणारी मंडळी पक्की व्यापारी होती.

1924 मध्ये तीन कंपन्या एकत्र येऊन एमजीएम झाली आणि सिंह तिच्याकडे आला. पहिला सिंह स्लॅट्स नावाचा. तो मूकपटाचा काळ, त्यामुळे तो नुसता इकडेतिकडे पाही. 1928 मध्ये दुसऱ्या सिंहाचा, जॅकीचा आवाज लोकांनी पहिल्यांदा ऐकला. 1957 पासून लिओ नावाचा सिंह पडद्यावर होता, आणि 2021 मध्ये त्याच्या जागी संगणकावर तयार केलेला सिंह आला. म्हणजे आता सिंहही खरा नाही. पण प्रेक्षकाला काहीच बदललं नाही असं वाटतं, कारण गोल तोच, सोनेरी फीत तीच.

अमेरिकेतल्याच कोलंबिया पिक्चर्सची मशालधारी बाई तुम्ही पाहिली असेल. अंगावर झूल पांघरल्यासारखं वस्त्र, मागे ढग. 'कोलंबिया' हे अमेरिका देशाला स्त्री मानून दिलेलं जुनं नाव, आपण भारतमाता म्हणतो तसं. आज दिसतं ते चित्र 1992 मध्ये मायकेल डीस या चित्रकाराने रंगवलं. त्यासाठी उभी राहिलेली बाई कोणी नटी नव्हती. तिथल्या एका वर्तमानपत्राच्या कचेरीत काम करणारी मुलगी जेवणाच्या सुट्टीत आली, अंगाभोवती चादर गुंडाळली, हातात एक दिवा धरला, आणि झाली देवी. आणि अमेरिकेचं प्रतीक असलेली ही बाई 1989 पासून कोणाच्या मालकीची आहे माहीत आहे? सोनी या जपानी कंपनीच्या! चित्रातला देश एक आणि पैसा दुसऱ्या देशाचा. मोठ्या मुलांना भूगोलाच्या तासाला हे सांगून पाहा, डोळे विस्फारतात.

पॅरामाउंटचा बर्फाचा डोंगर आणि त्याभोवतीच्या चांदण्या, डिस्नेचा किल्ला, ड्रीमवर्क्सचा चंद्रकोरीवर बसून गळ टाकणारा मुलगा, पिक्सारचा उड्या मारणारा टेबललॅम्प ही चिन्हं मुलं स्वतःहून सांगतील. त्यांच्याबद्दल इथे फार लिहीत नाही. एवढंच सांगते, की पिक्सारचा दिवा हा 1986 च्या त्यांच्याच 'लक्सो ज्युनियर' या छोट्या चित्रपटातला नायक आहे. म्हणजे तिथे काम आधी झालं आणि खूण नंतर आली. हा क्रम मला सगळ्यात प्रामाणिक वाटतो.

आपली तुतारी

आता आपल्या घरी येऊ, कारण माझ्या मते बोधचिन्ह कसं असावं याचा उत्तम धडा आपल्याच मातीत आहे, आणि तो आपण मुलांना सांगतच नाही.

1 जून 1929 रोजी कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी सुरू झाली. विष्णुपंत दामले, फत्तेलाल, व्ही. शांताराम आणि केशवराव धायबर ही चार तंत्र जाणणारी माणसं, आणि भांडवलासाठी सीताराम कुलकर्णी. चौघेही बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत तयार झालेले. 1933 मध्ये कंपनी पुण्याला आली.

प्रभातचं चिन्ह आठवा : मागे झुकून, तोंड वर करून तुतारी फुंकणारी स्त्री. आता हे चित्र मुलांसोबत वाचायचं कसं, ते बघा. नाव काय? प्रभात, म्हणजे सकाळ. सकाळी काय करतात? उठवतात. कशाने? तुतारीने. आपल्याकडे तुतारी राजदरबारात वाजे, मिरवणुकीत वाजते, लग्नातही वाजते. कोणीतरी येतंय, काहीतरी सुरू होतंय, असं ती सांगते. चित्रपट सुरू होतानाही हेच सांगायचं असतं! नाव, चित्र आणि प्रसंग तिन्ही इतके एकमेकांत बसलेले मला दुसऱ्या कुठल्या चिन्हात दिसत नाहीत.

त्यात मराठी माणसासाठी आणखी एक पदर होता. केशवसुतांची 'तुतारी' ही कविता 1893 ची. त्यामुळे 1929 सालच्या शिकलेल्या मराठी प्रेक्षकाला तुतारी म्हटलं की नुसतं वाद्य आठवत नसे. जुनं सोडा, जागे व्हा, ही हाकही आठवे. देश पारतंत्र्यात होता हेही विसरू नका. आणि फुंकणारी स्त्री आहे, हेही मुलींना जरूर दाखवा.

पण नुसत्या सुंदर चित्राने काय होतं? डब्यात काय साठलं ते महत्त्वाचं. 1932 मध्ये 'अयोध्येचा राजा' हा बोलपट आला. 1936 मध्ये दामले-फत्तेलाल यांचा 'संत तुकाराम' आला. तो मुंबईत वर्षाहून जास्त काळ चालला आणि व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. 1937 च्या 'कुंकू'त म्हाताऱ्याशी फसवून लग्न लावलेली मुलगी ते लग्न मनाने मान्यच करत नाही. 1941 च्या 'शेजारी'त एक हिंदू आणि एक मुसलमान म्हातारा यांची मैत्री आहे. अशी चित्रं एकामागून एक आली, तेव्हा कुठे तुतारीला अर्थ मिळाला. पडद्यावर ती बाई दिसली की लोकांना भरवसा वाटायचा, की आता चांगलं बघायला मिळणार. ब्रँड, ब्रँड म्हणतात तो हाच भरवसा. जाहिरातीने तो विकत घेता येत नाही, निदान फार दिवस तरी नाही.

बरं, खुणेचा अर्थ कायम टिकतो का? तर तेही नाही. हल्ली तुतारी म्हटलं की मुलांना आधी निवडणूक आठवते, कारण 2024 मध्ये तुतारी वाजवणारा माणूस हे निवडणूक चिन्ह झालं. वर्गात हसू होतं. मी त्यात शिरत नाही, पण एवढं मात्र विचारते, की एकाच चित्राचे आजोबांना एक आणि तुम्हाला दुसरे अर्थ का लागतात? उत्तरं ऐकण्यासारखी असतात.

शांताराम 1942 मध्ये प्रभात सोडून मुंबईत आले आणि त्यांनी राजकमल कलामंदिर काढलं. वडील राजाराम, आई कमल, म्हणून राजकमल, आणि चिन्हात कमळ. फार ताणून अर्थ लावायची गरजच नाही. मद्रासच्या जेमिनी स्टुडिओची खूण म्हणजे बिगुल फुंकणारी जुळी मुलं, कारण जेमिनी म्हणजे मिथुन रास. बिगुल आणि तुतारी, दोघांचं काम एकच. कोलकात्याच्या न्यू थिएटर्सचा हत्ती होता.

मेहबूब प्रॉडक्शन्सचं चिन्ह मुलांपेक्षा मोठ्यांना कोड्यात टाकतं. 'मदर इंडिया' काढणारे मेहबूब खान. त्यांच्या चिन्हात विळा आणि हातोडा आहे, आणि मध्ये इंग्रजी एम अक्षर. विळा-हातोडा म्हटलं की आपण म्हणतो कम्युनिस्ट. पण हे चिन्ह दिसत असताना मागे एक उर्दू शेर ऐकू येतो, ज्याचा भावार्थ असा की शेवटी देवाच्या मर्जीत असेल तेच घडतं. कम्युनिस्ट पक्षाचा माणूस हे कशाला लावील? मेहबूब स्वतः श्रद्धाळू होते. त्यांच्या चित्रपटांत शेतात आणि कष्टात राबणारी माणसं आहेत, आणि विळा-हातोडा तिथे त्या राबणाऱ्या हातांचा आहे, असं मला वाटतं. 'मदर इंडिया'तली चिखलात नांगर ओढणारी आई डोळ्यांसमोर आणली की तो विळा परका वाटत नाही. चित्र तेच राहतं, पण ते ज्या कामाच्या माथ्यावर लावाल तसा त्याचा अर्थ होतो.

आर. के. फिल्म्सचं तर चिन्हच चित्रपटातून आलं. 1949 च्या 'बरसात'मध्ये राज कपूरच्या एका हातात व्हायोलिन आणि दुसऱ्या हातावर झुकलेली नर्गिस, हे दृश्य आहे. पोस्टरवर ते आलं, लोकांच्या मनात बसलं, आणि कंपनीची खूण झालं. संगीत एका हातात, प्रेम दुसऱ्या हातात, आमच्या चित्रपटात एवढंच मिळेल, असं जणू सांगणारं. 1956 च्या 'जागते रहो'नंतर नर्गिस आर. के. च्या चित्रपटात दिसली नाही, पण चिन्हात राहिली. चेंबूरच्या स्टुडिओला 2017 मध्ये आग लागली, 2019 मध्ये जागा विकली गेली. आता तिथे स्टुडिओ उरला नाही, पण ते चित्र बघून पन्नाशीच्या पुढचा कोणीही अजून नाव सांगतो. विश्वास नसेल तर आजीला विचारायला सांगा.

कानाने ओळखणं

एक मुद्दा पटकन. ओळख फक्त डोळ्यांनी होत नाही. ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्सचे आकाशात फिरणारे झोत आठवले की लगेच ढोल आणि ट्रम्पेट कानात वाजायला लागतात. ती धून आल्फ्रेड न्यूमन यांनी 1933 मध्ये बांधली. 2019 मध्ये डिस्नेने ही कंपनी घेतली आणि पुढच्या वर्षी नावातून 'फॉक्स' काढून टाकलं. पण झोत आणि धून तशीच ठेवली! नाव बदललं तरी चालेल, पण आवाज बदलला तर लोक ओळखणार नाहीत, हे त्यांना नीट कळलं होतं. आपल्याला दूरदर्शनची धून आठवते तशीच ही गोष्ट. पाढे चालीवर म्हटले की का लक्षात राहतात, हे वेगळं सांगायला नको.

वर्गात आणि घरी

आता खिशाचा प्रश्न. एकच दप्तर, तेच कापड, तीच चेन. वर सुपरहिरोचं चित्र असलं की किंमत वाढते आणि पोरगं तेच हवं म्हणून दुकानात बसकण मारतं. ज्या मुलाला अजून जोडाक्षर धड वाचता येत नाही, ते बिस्किटाचा पुडा रंगावरून बरोबर ओळखतं. हे वाचनच आहे, आणि ते शाळेच्या आधी सुरू झालेलं असतं. फक्त ते कोणी शिकवलेलं नाही, म्हणून त्याला प्रश्न विचारायची सवय नाही. अशा वेळी 'उगाच हट्ट करू नको' म्हणण्यापेक्षा दोन दप्तरं शेजारी ठेवून शिवण बघायला सांगा. धागा कुठे उसवतो, पट्टा किती जाड आहे. सिंहाच्या आत वाघ आहे का ते बघ, असं आमच्या वर्गात म्हणतात. एकदा गोष्ट सांगितली की हे वाक्य फार उपयोगी पडतं.

मी चौथीला एक तास असा घेते. 'आपल्या वर्गाने चित्रपट कंपनी काढली तर तिची खूण काय?' एवढंच सांगायचं. कोरे कागद, खडू, अर्धा तास. पहिल्या वेळी अर्ध्या वर्गाने सिंह काढला, दोघा-तिघांनी जेसीबी. सिंह का, विचारलं तर 'भारी दिसतो'. मग नियम घातला, की खूण बघून आपल्या चित्रपटात काय असेल ते दुसऱ्याला सांगता आलं पाहिजे. दुसऱ्या खेपेला कागद बदलले. एका मुलीने कुकर काढला होता. म्हणाली, 'बाई, शिट्टी झाली की सगळे येतात.' तिला प्रभात कंपनी माहीत नव्हती. मी मग फळ्यावर तुतारी काढली आणि पुढचा तास तिथेच गेला.

रंग भरायला देऊ नका, सुरुवातीला तरी. फक्त काळी रेघ. रंगात मुलं रमतात आणि विचार मागे पडतो. शिवाय प्रभातचं चिन्हही काळ्या-पांढऱ्यातच ओळखीचं झालं. तयार चिन्हं फळ्याजवळ लावा, कोणाचं कोणतं ते न सांगता, आणि वर्गाला ओळखू द्या. पुण्याला सहल गेली तर प्रभात रोडचं नाव कुठून आलं ते सांगा. प्रभातच्या स्टुडिओच्या जागेतच 1960 मध्ये सरकारने चित्रपट शिक्षणाची संस्था सुरू केली, आजची एफटीआयआय.

आणि सहल नसेल तर लांब जायची गरज नाही. बऱ्याच जिल्हा परिषद शाळांच्या भिंतीवर सर्व शिक्षा अभियानाची खूण अजून रंगवलेली आहे, पेन्सिलीवर बसलेली मुलगा-मुलगी. मुलं रोज तिच्यासमोरून जातात. एकदा सगळ्यांना तिच्यासमोर उभं केलं आणि विचारलं, ही दोघं कुठे चालली असतील? बहुतेकांनी 'शाळेत' सांगितलं, बाईंना आवडेल म्हणून. मागच्या रांगेतून एक जण म्हणाला, 'नाही बाई, शाळा सुटली. हसतायत बघा किती.'